पद्मिनीची कंपनी का उठली नाही?

३० ऑक्टोबर २०२३. मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी गेली. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदली होती आणि टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षांची. त्या दिवशी सगळ्यांनी फोटो टाकले. पण ती बनवणारी कंपनी त्याआधीच थकली होती, तीही एका फटक्यात नाही.

प्रीमिअर ऑटोमोबाईल्स १९४४ची, सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी काढलेली. कारखाना कुर्ल्याला. पद्मिनी म्हणजे मुळात साठच्या दशकातली फियाट ११००. सत्तरीत तिला चितोडच्या राणीचं नाव मिळालं, गाडी जवळपास तीच राहिली. बदलायची गरज तरी काय होती? गाड्या किती काढायच्या ते सरकारी परवाना ठरवायचा आणि गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायचं.

डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली. प्रीमिअरनं १९८५ला उत्तर दिलं, ११८ एनई. इंजिन निसानचं, अंग मात्र १९६६च्या फियाट १२४चं. नव्वदीत फ्रान्सची प्यूजो आली, कल्याणच्या कारखान्यात ३०९ बनू लागली. ही गाडी युरोपात १९८५ला आलेली. संप झाला, तंटे झाले, प्यूजोनं गाशा गुंडाळला.

मग फियाट उनो. हिच्यासाठी पावणेतीन लाखांहून जास्त लोकांनी नोंदणी केली. विचार करा, बुडत्या कंपनीला लोक रांग लावून पैसे देत होते! पण कुर्ल्यात कामगारांशी वाद पेटला, गाड्या वेळेवर निघेनात. लोक मारुतीकडे, ह्युंदाईकडे वळले. दोष कामगारांवर टाकून मोकळं होणं सोपं आहे, मला ते पटत नाही. उनोही १९८३चीच होती.

दरवेळी प्रीमिअरनं दुसऱ्याची जुनी गाडी आणली, गाडी घडवणारी माणसं नाही. टेल्कोनं १९६६मध्येच पुण्यात संशोधन केंद्र काढलं होतं. इंडिका आली १९९८ला. मधली बत्तीस वर्षं मोजा.

प्रीमिअरची शेवटची धडपड २००९ची, चिंचवडला बनलेली रिओ. चिनी झोट्ये कंपनीची गाडी, तीही मुळात जपानी डायहात्सूच्या टेरिओसवर बेतलेली. ती रस्त्यावर धावताना तुमच्यापैकी कुणी पाहिली आहे का?