निरोगी माथ्यांचे ऋण

चक्कर येण्याचे निमित्त झाले आणि डॉक्टरांनी मला मेंदूचा एम.आर.आय. काढायला सांगितले. "डोके हलवू नका," असे तिथल्या माणसाने आधी मराठीत आणि मग सवयीने कानडीत बजावले आणि मी त्या बोगद्यात सरकलो. तांबट आळीत निजावे तशी ठाकठोक अर्धा तास चालली. रिपोर्ट आला, 'वयोमानाप्रमाणे ठीक'. जिवात जीव आला, पण मनात एक प्रश्न राहिला. ठीक म्हणजे काय, हे ठरवण्यासाठी कधीतरी धडधाकट माणसांनाही असेच निजावे लागले असेल. ती कोण? त्या कुतूहलापोटी केलेल्या वाचनाची ही शिदोरी.

इटलीतील तुरिन शहरात आंजेलो मोस्सो नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. अपघातात कवटीला भोक पडलेल्या बर्तिनो नावाच्या शेतकऱ्याच्या मेंदूची स्पंदने ते नोंदवीत. एकदा दुपारी बाराच्या घंटा झाल्या आणि स्पंदने वाढली. प्रार्थनेची आठवण झाली का, असे मोस्सोंनी विचारले. तो "हो" म्हणाला. पण अखंड कवटीच्या माणसाचे काय? त्यासाठी मोस्सोंनी 1880 च्या दशकात तराजूसारखी तोललेली फळी केली. तिच्यावर निजलेला माणूस विचार करू लागला की डोक्याकडची बाजू खाली झुकते, असे त्यांचे म्हणणे होते. साधन ओबडधोबड होते, पण निजणाऱ्याला इजा नव्हती.

मला वाटते, या साऱ्या इतिहासाचे मर्म इथेच आहे. रोगी बरे होण्याच्या आशेने पुष्कळ सोसतो. निरोग्याला मिळायचे काहीच नसते. मग त्याच्याकडून किती मागावे?

पुढे पेट तंत्र आले. त्यात किरणोत्सर्गी प्राणवायू असलेले पाणी शिरेत सोडत. त्याचा प्रभाव दर दोन मिनिटांनी निम्मा होई. तरीही एकाच माणसावर असे प्रयोग किती वेळा करावेत, याला मर्यादा होती. 1991 साली बोस्टनच्या जॅक बेलिव्हो व सहकाऱ्यांनी एम.आर.आय. वापरून निरोगी माणसांच्या मेंदूतले दृष्टीचे केंद्र 'काम करताना' दाखवले. किरणोत्सर्ग गेला, पण शिरेत औषध टोचणे उरलेच.

सुई सुटली ती रक्ताच्याच एका गुणामुळे. प्राणवायू गमावलेले रक्त चुंबकाकडे किंचित ओढले जाते, प्राणवायूने भरलेले जात नाही, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियेल यांनी 1936 मध्येच दाखवले होते. 1990 मध्ये अमेरिकेत सेइजी ओगावा यांनी उंदरांच्या मेंदूत या फरकाचे चित्र टिपले. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिथे गरजेपेक्षा जास्त ताजे रक्त धावते आणि तो भाग उजळतो. 1992 मध्ये केनेथ क्वाँग आणि ओगावा यांच्या गटांनी माणसांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ना सुई, ना किरण. आता निरोग्याकडे मागायचा तो फक्त वेळ आणि स्तब्धता.

त्यामुळेच आपल्यासारख्यांचाही प्रश्न विचारता आला. 1997 मध्ये न्यूयॉर्कमध्ये बारा निरोगी द्विभाषिकांना आदल्या दिवसाची हकिगत मनातल्या मनात सांगायला लावली. कधी एका भाषेत, कधी दुसऱ्या. दुसरी भाषा थोरपणी शिकलेल्यांच्या ब्रोका क्षेत्रात दोन्ही भाषांच्या जागा शेजारी, पण वेगळ्या दिसल्या. लहानपणीच दोन्ही शिकलेल्यांत त्या बहुतांशी एकच. पुढच्याच वर्षी इटलीतील संशोधकांनी सांगितले, की वयापेक्षा भाषेवरचे प्रभुत्व महत्त्वाचे. वाद अजून मिटलेला नाही.

माझी नात आजीशी मराठीत भांडते आणि शेजारच्या मैत्रिणीशी कानडीत. सीमाभागात भाषेवरून आपण पुष्कळ सोसले आहे. म्हणून त्या बारा अनोळखी माणसांविषयी मला जिव्हाळा वाटतो. आपल्या दोन भाषा एकाच डोक्यात कशा नांदतात, हे कळावे म्हणून ती काही काळ निश्चल पडून राहिली. त्यांच्यासारख्या असंख्यांच्या भरवशावर माझ्या रिपोर्टात 'ठीक' हा शब्द आला.