कोण काय खाते

मराठीत बँकेचे 'खाते' आणि माणूस काय 'खाते' हा शब्द एकच का, याचा उलगडा बी.कॉम.च्या तीन वर्षांत मला एकाही प्राध्यापकाने करून दिला नाही. तो मार्केट यार्डाने करून दिला. गुलटेकडीच्या या आवारात आमची शाखा आहे आणि तिच्या काउंटरमागे मी बावीस वर्षे बसलो आहे. एवढ्या काळात ध्यानात आलेली गोष्ट अशी की, प्रत्येक खातेदार स्वतःच्या खात्यापेक्षा दुसऱ्याच्या खाण्यावर अधिक बारीक नजर ठेवून असतो. स्वतःच्या पासबुकात दोन महिने एन्ट्री नसली तरी त्याचे अडत नाही. पण शेजारच्या गाळ्यावरच्या दिवाणजीने श्रावणात काय खाल्ले, हे त्याला तारीखवार ठाऊक असते.

यार्ड म्हणजे वास्तविक शाकाहाराची राजधानी. पालेभाज्या, फळे, कांदा-बटाटा, गूळ, भुसार, फुले. आमच्या भोवती जो माल उतरतो तो सगळा मातीतून उगवलेला. माणसे मात्र मिश्र. माझे एक खातेदार शेठ कांद्याची अडत करतात. ट्रकच्या ट्रक. पण त्यांच्या घरात चार पिढ्या कांदा शिरलेला नाही. मी एकदा धीर करून विचारले, "शेठ, जो माल तुम्ही खातच नाही, त्याची प्रत तुम्हाला कळते कशी?" शेठ म्हणाले, "साहेब, तुम्ही रोज एवढ्या नोटा मोजता. त्यातल्या किती खाता?"

या शेठच्याच गाळ्यावरचे हमाल आठवड्याचे सहा दिवस भाकरी, पिठले, ठेचा, शेंगदाण्याची चटणी यांवर पोती वाहतात आणि सुट्टीच्या दिवशी मटण करतात. ते सहा दिवस त्यांच्या डब्यात दूध-दही-तूप औषधालाही नसते, कारण परवडत नाही. हल्ली 'व्हीगन' म्हणून जे निघाले आहे, म्हणजे मांस नाहीच, पण दूध, तूप, मधसुद्धा नाही, ते व्रत हे लोक आठवड्यातून सहा दिवस पाळतात. कोणी त्यांचा सत्कार केल्याचे ऐकिवात नाही. १९७४ साली हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' सुरू केली, तेव्हाही प्रश्न सामिष की निरामिष असा नव्हता. भाकरी गरम मिळेल का आणि केवढ्याला, असा होता.

हे सगळे यार्डात बिनबोभाट चालले होते. बोभाटा आमच्या शाखेत झाला. एका सोमवारी जेवणाच्या खोलीत टंकलिखित पाटी लागली: 'या खोलीत सामिष पदार्थ आणू नयेत. हुकमावरून.' पाटीवर कोणाचे नाव नव्हते, पण ती कोणासाठी आहे हे सगळ्यांना कळले. आमचे शिपाई मामा मूळचे श्रीवर्धनकडचे. निवृत्तीला दोन वर्षे राहिलेली. त्यांच्या डब्यात आठवड्यातून दोनदा जवळ्याची चटणी असायची आणि जवळा हा डबा उघडण्यापूर्वीच आपले नाव सांगतो. मामांनी पाटी वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली, आणि दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन ते मागच्या गोडाउनपाशी हमालांबरोबर बसू लागले. नाव घेऊन कोणी बोलले तर माणूस भांडतो तरी. बिननावाच्या पाटीशी कोण भांडणार?

त्यावर जेवताना चर्चा झालीच. आमचे हेडकॅशियर आमटी-भात कालवत म्हणाले, "अहो, पूर्वी आपल्याकडे सगळे शाकाहारीच होते. हे सगळं नंतर आलं." आता 'पूर्वी' हा शब्द ऐकला की माझ्यातला कारकून जागा होतो. पूर्वी म्हणजे किती साली? आरंभीची शिल्लक काय? व्हाउचर कुठे आहे?

व्हाउचरे आपल्याच जिल्ह्यात आहेत. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव म्हणून गाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षे माती उकरली. तीन हजार वर्षांपूर्वीचे आपले हे शेजारी जव पिकवत होते, मसूर खात होते. इथपर्यंत हेडकॅशियरांचा घास नीट जात होता. पण त्याच मातीत गुरांची, शेळ्या-मेंढ्यांची, हरणांची हाडेही निघाली. म्हणजे डाळही होती आणि बाकीचेही होते. हेडकॅशियर म्हणाले, "ते अडाणी लोक असतील."

म्हणून मी राजाकडे वळलो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. बाराव्या शतकात याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ केला. त्यात राज्यकारभार आहे, हत्ती आहेत, गाणे आहे आणि जेवण तर आहेच आहे. आपल्या इडलीची पूर्वज त्यात सापडते, वडे सापडतात, मांडे सापडतात. आणि त्याच पंगतीला रानडुकराचे मांस, मासे आणि शेतातले गुबगुबीत काळे उंदीर कसे तळून-भाजून खावेत, तेही सापडते! आमच्या बँकेने भुसार बाजारातल्या गोदामांवर कर्जे दिली आहेत. उंदरांमुळे येणारी तूट दरवर्षी टिपणात येते. सोमेश्वर महाराज असते तर तीच रक्कम जमेच्या बाजूला धरता आली असती.

उंदीर ऐकून दोघे जण ताटावरून उठले. उरलेल्यांत चर्चा रंगली, ती उपासावर घसरली. तिथे तर इतिहासाने फारच चेष्टा केली आहे. भुसार बाजारात आषाढी आणि नवरात्राच्या आधी साबुदाण्याला जी मागणी येते ती पाहून वाटावे, हा पदार्थ वेदकाळापासून चालत आला. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिकडचाच, शेंगदाणा तिकडचा, रताळे तिकडचे, हिरवी मिरचीही तिकडचीच. पोर्तुगीज जहाजे हिंदुस्थानला लागली नसती तर साबुदाण्याच्या खिचडीत मिठाखेरीज फारसे काही उरले नसते. गव्हाची पोळी इथली, ती उपासाला चालत नाही. सातासमुद्रापलीकडचा बटाटा चालतो. यावर शास्त्रार्थ करण्याची माझी तयारी नाही, कारण मला खिचडी आवडते.

शास्त्रार्थ करणारे मोठे लोक होऊन गेले आहेत. महामहोपाध्याय काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंडच्या खंड लिहिले. ते पुण्यातल्या भांडारकर संस्थेने छापले, आणि प्राचीनांनी काय काय खाल्ले याचे आधार त्यांत शांतपणे दिलेले आहेत. डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळ शोधावर पुस्तक लिहिले. गोमांस कोणी कधी सोडले आणि कोणाकडून सुटले नाही, यावरून माणसे गावाबाहेर कशी गेली, हा त्यातला युक्तिवाद आहे. तो पटो न पटो, खाण्याची पाटी पुढे गावाची वेस होते एवढे त्यातून दिसते. आणि धर्मानंद कोसंबी! गोव्यातल्या सांखवाळचा हा माणूस ज्ञानासाठी घर सोडून नेपाळ-सिलोनपर्यंत गेला, पुढे फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागला. १९४०-४१ मध्ये त्यांनी 'भगवान बुद्ध' हे पुस्तक काढले. त्यात बुद्धाच्या शेवटच्या जेवणात डुकराचे मांस होते, आणि प्राचीन काळी जैन साधूही मांस घेत, असे ग्रंथाधार देऊन मांडले. केवढे वादळ उठले! जैन समाजाला ते फार लागले, आणि ज्यांनी पिढ्यानपिढ्या जीवदया पाळली त्यांना ते लागणार हे उघड होते. कोसंबींनी मत बदलले नाही. पण याच कोसंबींना पार्श्वनाथांविषयी मोठा आदर होता. शरीर थकल्यावर त्यांनी अन्न सोडले आणि १९४७ च्या जूनमध्ये सेवाग्रामला उपोषणानेच देह ठेवला. जैन साधूला शोभावा असा शेवट. वाद कागदावर राहिला, आणि माणूस प्रतिपक्षाच्या अंगणात जाऊन निजला.

पुण्याला खाण्यावरून भांडायला मांस लागतेच असे नाही, चहा पुरतो. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक वगैरे मंडळींना व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे दिली गेली. कोणी घेतला, कोणी कपाला हात लावून बाजूला ठेवला. डॉ. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांनी 'पुणे वैभवा'त नावे छापून आणली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, प्रायश्चित्ते झाली. आमच्या बँकेत अफरातफरीची चौकशी एवढ्या कसोशीने होत नाही.

आमच्या शाखेतले प्रायश्चित्त मात्र मामांच्या वाट्याला आले होते आणि ते रोज गोडाउनपाशी चालू होते. एवढ्यात अमरावतीकडची एक मुलगी प्रोबेशनवर आली. वय चोवीस. पहिल्याच दिवशी तिने चहाला नकार दिला. "मी दूध घेत नाही. व्हीगन आहे." हेडकॅशियर मला हळूच म्हणाले, "विलायती खूळ!"

विलायती म्हणावे तर शब्द विलायती आहे खरा. डोनाल्ड वॉटसन नावाच्या इंग्रज गृहस्थाने १९४४ च्या नोव्हेंबरात तो घडवला, 'व्हेजिटेरियन' या शब्दाचे डोके आणि शेपूट जोडून. पण खूळ आपले जुने आहे. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडले. जास्त दुधासाठी गाई-म्हशींचे काय हाल करतात ते वाचून त्यांचे मन विटले होते. पुढे १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात त्यांना आमांश झाला, शरीराचा सापळा उरला. १९१९ च्या जानेवारीत मुंबईला डॉ. दलाल म्हणाले, दूध घेतल्याशिवाय अंग भरणार नाही. गांधीजी म्हणाले, व्रत आहे. तेव्हा खाटेपाशी उभ्या असलेल्या कस्तुरबा म्हणाल्या, गाई-म्हशीच्या दुधाचे व्रत ना? मग शेळीचे घ्यायला काय हरकत?

आमच्या बँकेच्या लीगल डिपार्टमेंटने या बाईंच्या पायावर डोके ठेवावे. तारण दस्तात 'दुभती जनावरे' लिहिण्याऐवजी 'गाई-म्हशी' लिहिले की शेळ्या सुटल्याच! एका शब्दाच्या फटीतून कस्तुरबांनी नवऱ्याचा जीव ओढून काढला. गांधीजींना मात्र ते सलत राहिले; अक्षर पाळले, भाव मोडला, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले. पुढे येरवड्याच्या तुरुंगात शेळीचे दूध होते, १९२४ साली ससूनमध्ये अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतरही तेच. आणि १९४४ च्या फेब्रुवारीत कस्तुरबा पुण्यातच, आगाखान पॅलेसमध्ये, गेल्या. त्याच वर्षी तिकडे वॉटसनला शब्द सापडला.

हे मी त्या मुलीला सांगितले. ती जेवायची थांबली. म्हणाली, "म्हणजे सर, बांनी केलं ते बरोबर की चूक?" मी म्हटले, "ते ऑडिटच्या कक्षेत येत नाही."

मग तिने विचारले, "मामा बाहेर का बसतात?" कोणी उत्तर दिले नाही. हेडकॅशियरांनी पाटीकडे बोट केले. तिने पाटी वाचली, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पाटीखाली बँकेच्या भाषेत, तारीख-सहीसकट एक कागद लागला: 'दूध, दही, तूप, ताक व मध हे पदार्थ प्राण्यांपासून मिळत असल्याने ते वरील मनाईत येतात किंवा कसे, याचा लेखी खुलासा व्हावा.'

आता बँकेत 'लेखी खुलासा' हे शब्द उंदराच्या पिंजऱ्यासारखे असतात. खुलासा द्यायचा तर कोणीतरी सही करायला हवी. सही करायची तर पाटी कोणी लावली ते ठरायला हवे. शिवाय अकरा वाजता साहेबांचा चहा यायचा होता आणि त्यात म्हशीचे दूध होते. दुपारपर्यंत पाटीही गेली आणि कागदही गेला. पाटी रद्द केल्याचे परिपत्रक निघाले नाही. ती कधी नव्हतीच असे ठरले.

मामा दोन दिवसांनी आत आले. डबा उघडायच्या आधी त्यांनी खिडकी उघडली.

त्या दिवशी गोष्टी अंड्यावर आल्या. पुण्याने अंड्याची बाजूही धडाक्याने लढवली आहे. १९८२ साली स्थापन झालेली अंडी-उत्पादकांची समन्वय समिती इथलीच, आणि रविवार-सोमवार न पाहता रोज अंडे खायला सांगणारी तिची जाहिरात सगळ्या देशाने ऐकली. २०१४ सालच्या केंद्र सरकारच्या पाहणीत महाराष्ट्रातले साधारण ४० टक्के प्रौढ शाकाहारी निघाले; म्हणजे पंगतीत दहातले सहा या ना त्या वारी खाणारेच. मामांचा नातू गावाकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात सरकारने ठरवले की पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे, न खाणाऱ्याला केळे. त्यावर बराच विरोध झाला. २०२५ च्या जानेवारीत सरकारने अंड्याचे पैसे देणे थांबवले. हवे तर लोकवर्गणीतून करा, म्हणाले.

"पोरगं शनिवारीसुद्धा शाळेत जायला निघायचं," मामा म्हणाले. "आता परत पोटात दुखतं म्हणतो."

हेडकॅशियर खाली पाहून भात चिवडत राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडे नाही चालत, ते वेगळं. पण पोराचं असं तोडायला नको होतं." त्यांच्या तोंडून एवढे निघाले हेच आमच्या शाखेच्या मानाने पुष्कळ होते.

मुलीने आपला डबा पुढे सरकवला. तिने शेंगदाणे भिजवून, वाटून, विरजून दही केले होते. दाणे आमच्याच भुसार बाजारातले. सगळ्यांनी चमचा चमचा घेतले. हेडकॅशियर म्हणाले, उपासाला चालेल. मामांनी बोटाने चाखले, डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "चांगलं झालंय, ताई. यात चिमूटभर जवळा पडला असता, तर मग बघायला नको होतं."