आठ चिप्स आणि माझी घाई

परवा शिर्डीच्या घरी माळ्यावरून मुलाचा 'डीबी स्पेक्ट्रम' काढला. इंग्लंडात १९८२ साली आलेला हा संगणक पुढे त्याच दशकात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन भारतात आणला. टीव्हीला जोडला, तर नुसत्या रेघा! त्याची पहिली १६ के मेमरी '४११६' जातीच्या आठ चिप्समध्ये असते. पुण्याची तपकीर गल्ली पालथी घातली तेव्हा एका जुन्या बोर्डावरची एक मिळाली. बसवली... तीही गेली! या चिपला +५, +१२ आणि −५ असे तीन व्होल्टेज लागतात. उणे पाच आले नाही, तर ती जळते. मी आधी मोजलेच नव्हते. जन्मभर मुलांना "आधी कारण शोधा" सांगणारा मास्तर मी! असो. आता आधी मीटर, मग चिप.