फ्लॉपीतला अंक

या स्मरणिकेसाठी साहित्य जमवताना आपल्या १९९७-९८च्या शालेय वार्षिक अंकाची एकही प्रत मिळेना. शाळेतल्या प्रती २६ जुलै २००५च्या पावसात तळमजल्यावरच्या कपाटात भिजून गेलेल्या. माझ्याकडे मात्र फ्लॉपी होती. मुलुंडला पाच रस्त्याजवळच्या डीटीपीवाल्याकडे प्रुफांच्या खेपा घालण्याचे काम तेव्हा माझ्याकडे होते. अंक छापून झाल्यावर त्यांनीच ती दिली होती.

लॅमिंग्टन रोडवरून यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह आणला. फ्लॉपी चालली, पण फाइल पेजमेकर ६.५ची! पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची; पुढे तो बंदच झाला. लिब्रेऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये २०१५पासून अशा फाइली उघडता येतात. तसे केले, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे.

याचे कारण मराठीच्या संगणक-इतिहासात आहे. 'इस्की' हे भारतीय लिप्यांचे मानक १९९१चे. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची, आणि तीत देवनागरी होती. पण डीटीपीच्या सॉफ्टवेअरला तेव्हा ही मानके समजत नव्हती. म्हणून इंग्रजी अक्षरांच्या जागी काना, वेलांटी, रफार, अर्धी अक्षरे असे तुकडे बसवलेले फाँट आले. श्रीलिपी, आकृती, आयएसएम – प्रत्येकाची मांडणी निराळी. फाँट नसला की मागची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. विंडोज २०००मध्ये युनिकोड देवनागरी आली, तोवर आपली दहावी होऊन गेली होती.

फाँटचे नाव फाइलीत होते, त्यावरून रूपांतराचा प्रोग्रॅम शोधला. पण जुन्या फाँटात अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. म्हणजे पहिली वेलांटी अक्षराच्या मागे न्यायची आणि रफार पुढे आणायचा. हे नीट न झाल्यामुळे 'वर्ग'चा 'वगर्' आणि वर्गातल्या सगळ्या कुलकर्ण्यांचे 'कुलकणीर्' झाले! चार रविवार हाताने दुरुस्त्या केल्या.

मराठीच्या बाईंच्या लेखात तरीही दोन ठिकाणी नुसते चौकोन उरले. तिथे काय होते, हे कोणताच प्रोग्रॅम सांगेना. शेवटी बाईंना फोन लावून परिच्छेद वाचून दाखवला. बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. पहिल्या चौकोनापाशी मी अडखळलो, तर बाईंनी क्षणात शब्द सांगितला; दुसऱ्यालाही तसेच. वर विचारले, "ऱ्हस्व-दीर्घ तपासलंस ना रे?"

तो लेख या स्मरणिकेत पुन्हा छापला आहे. तुमच्याकडे जुन्या फ्लॉप्या किंवा सीडी असतील, तर त्या आताच उघडून बघा. अडलेला शब्द सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत.