जीवाणूंना जात नसते : मुळा नदीच्या शुद्धीचा इतिहास

नदी मुळातच पवित्र असते, ती सगळी घाण पोटात घेते, ही शिकवण या देशात फार जुनी आहे. तिला आव्हानही तितकेच जुने आहे. बुद्धकाळातली पुण्णिका ही पाणी वाहणारी दासी. थंडीत नदीस्नान करणाऱ्या ब्राह्मणाला तिने पटवून दिले की पाण्याने पाप धुतले जात नाही. थेरीगाथेत ही नोंद आहे. आम्ही तिचाच प्रश्न पुढे नेतो : मग खुद्द पाणी कशाने शुद्ध होते?

पाणी शुद्ध होते ते श्रमाने. नदीत हे श्रम जीवाणू करतात. पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून ते मैला आणि सेंद्रिय घाण खातात. घाण जास्त झाली की प्राणवायू संपतो, मासे मरतात, पाणी काळे पडते.

हे ज्ञान नवे नाही. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडली आणि तळाशी बसलेला जिवंत गाळ फेकून न देता पुन्हा वापरला. आधी सुमारे पाच आठवडे लागणारे काम एका दिवसात होऊ लागले. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर १९१६ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. ही संस्था टाटांच्या देणगीतून उभी राहिलेली.

त्याच टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. तरीही धरण झाले. तेव्हापासून तिथे अडवलेले पाणी सह्याद्री ओलांडून कोकणात भिऱ्याच्या वीजघरात उतरते. खाली मुळेच्या खोऱ्यात पिरंगुटचे कारखाने आले, हिंजवडीचे आयटी पार्क आले, टोलेजंग इमारती आल्या. वरचे पाणी वळवले आणि खालून सांडपाणी वाढले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नद्यांच्या यादीत मुळा आहे. जलप्रदूषणाविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा १९६९ चा, देशाचा १९७४ चा. म्हणजे ज्ञानही होते, कायदाही होता. नव्हती ती इच्छा.

आता सांगितले जाते की नाल्यात जीवाणूंचे द्रावण ओता, नदी साफ होईल. हा नवा तीर्थप्रसाद आहे! नदीत जीवाणूंचा तुटवडा नाही. तुटवडा आहे प्राणवायूचा आणि वाहत्या पाण्याचा. शिवाय क्रोमियम, निकेल यांसारखे धातू जीवाणू संपवू शकत नाहीत. फार तर त्यांचे रूप बदलतात किंवा ते गाळात धरून ठेवतात. विषारी रसायन शुद्धीकरण केंद्रात शिरले तर तिथले जीवाणूच मरतात. म्हणून कारखान्याचे पाणी कारखान्याच्या दारातच, मालकाच्या खर्चाने साफ झाले पाहिजे.

दुसरा प्रश्न याहून मोठा आहे. प्राणवायू नसलेल्या टाकीत जीवाणूच हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन तयार करतात. त्या टाकीत कोण उतरतो? २०१३ च्या कायद्याने गटारे आणि सेप्टिक टाक्यांच्या धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवायला बंदी घातली. गटारात मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने १० लाख देण्यास सांगितले, २०२३ साली ३० लाख. भरपाई वाढवावी लागते याचा अर्थ मरण थांबलेले नाही. जीवाणूंना जात नसते. टाकीत उतरवल्या जाणाऱ्या माणसाची जात मात्र सगळ्यांना ठाऊक असते.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तो समान माणूस म्हणून जगण्याचा हक्क होता. जे पाणी प्यायल्याने आजार होतो, त्यावर समान हक्क मिळून काय उपयोग? म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे : मुळेत पुरेसे पाणी सोडा, प्रत्येक कारखान्याच्या सांडपाण्याचे आकडे गावाच्या चावडीवर लावा, आणि एकही माणूस टाकीत उतरवू नका, यंत्र उतरवा.

नदीची आरती करणाऱ्यांनी आधी नदीचा हिशेब द्यावा.

जय भीम!