पहारेकऱ्याचा पगार कोण देतो?

इमाम अबू हनीफा रेशमी कापडाचे व्यापारी होते. अब्बासी खलिफा मन्सूर यांनी देऊ केलेले काझीपद त्यांनी नाकारले आणि त्यापायी तुरुंगवास सोसला, असे परंपरा सांगते. त्यांची रोजीरोटी दरबाराच्या हातात नव्हती, म्हणून नाही म्हणणे थोडे सोपे झाले असावे. आजच्या माहिती-संरक्षण नियामकांचा इतिहास वाचताना मला तोच प्रश्न पडतो: यांचा पगार कुठून येतो?

ब्रिटनने 1984 च्या कायद्याने डेटा प्रोटेक्शन रजिस्ट्रार हे पद निर्माण केले. लोकांची माहिती संगणकावर ठेवणाऱ्यांनी त्याच्याकडे नोंदणी करायची आणि फी भरायची. 2018 मध्ये युरोपचा नवा कायदा आला आणि नोंदणीची सक्ती संपली. मग कार्यालय चालणार कशावर? ब्रिटनने वेगळे नियम करून फी चालू ठेवली: 2018 मध्ये ती लहान संस्थेला वर्षाला 40 पौंड, मध्यम संस्थेला 60, मोठीला 2,900 होती. दंडाची रक्कम मात्र सरकारी तिजोरीत जाते; 2022 पासून कायदेशीर खर्चापुरता ठरावीक भाग ठेवण्याची मुभा मिळाली. ते योग्यच. दंडावर पोट भरणारा पहारेकरी चोरापेक्षा गिऱ्हाईक जास्त शोधेल.

आपल्याकडे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले. 2018 मध्ये न्या. श्रीकृष्ण समितीने दिलेल्या मसुद्यात नियामकाचा स्वतःचा निधी होता. त्यात सरकारी अनुदान आणि फी जमा होणार होती. 2023 च्या कायद्यात असा निधी उरला नाही. दंड 250 कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो, तो भारताच्या संचित निधीत जातो. मंडळाचे अध्यक्ष आणि सदस्य केंद्र सरकार नेमते.

कंपनीवर कारवाई करायला एवढी व्यवस्था कदाचित पुरेल. पण आपली सर्वाधिक माहिती सरकारकडेच आहे. आम्ही शिक्षक मुलांचा आधार क्रमांक, जात, धर्म पोर्टलवर भरतो. ती त्या मुलांची अमानत आहे. उद्या ती सरकारी खात्यातूनच फुटली, तर त्याच सरकारने नेमलेल्या आणि पोसलेल्या मंडळाने त्याच्यावर बोट ठेवायचे आहे. त्यासाठी केवळ प्रामाणिक माणसे नेमून भागणार नाही. त्यांचा खर्च कुणाच्या मर्जीवर अवलंबून राहणार नाही, अशी तरतूद कायद्यातच हवी.