प्रदर्शनें, पदकें आणि होतकरू चित्रकार

पेशवे दफ्तरांत चितार्‍यांचीं नांवें येतात तीं बहुधा खर्चाच्या कलमांत. अमक्यास इतके रुपये, तमक्यास पागोटें. त्यानें चित्र कोणतें काढलें, तें पुढें कोठें गेलें, यांविषयीं कारकून बहुतेक मौनच धरतो. त्याच्या दृष्टीनें तें योग्यच होतें. त्याला हिशेब ठेवावयाचा होता, कलेचा इतिहास लिहावयाचा नव्हता. यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं मुंबईच्या चित्रप्रदर्शनांच्या ज्या छापील यादीपुस्तिका निघूं लागल्या, त्यांत मात्र अनुक्रमांक, चित्राचें नांव, चित्रकाराचें नांव आणि बहुधा किंमत हीं सर्व कलमें एका ओळींत येतात. पहिल्या प्रकारचा कागद आम्ही रुमालांत बांधून जपतों. दुसर्‍या प्रकारचा रद्दींत जातो. नव्या, अपरिचित चित्रकाराला आपलें काम चार लोकांपुढें ठेवण्याची संधि आपल्याकडे कशी निर्माण झाली, हें पाहावयाचें तर या दोन्ही प्रकारचे कागद शेजारीं शेजारीं ठेवावे लागतात.

आरंभ पुण्यापासून करणें प्राप्त आहे. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स हा १७९१ सालीं मुंबईस उतरला व पुढील वर्षीं पुण्यास आला. सवाई माधवराव, नाना फडणीस व महादजी शिंदे यांच्या त्यानें काढलेल्या तसबिरी वाचकांच्या परिचयाच्या आहेत. इंग्रजांचा पुणें दरबारांतील वकील चार्ल्स मॅलेट याच्या खटपटीनें व पेशव्यांच्या अनुमतीनें शनिवारवाड्यांत चित्रविद्येची एक लहानशी शाळा निघाली आणि वेल्सच्या देखरेखीखालीं कांहीं मराठी माणसें तेथें शिकूं लागलीं. त्यांत गंगाराम चिंतामण तांबट हा सर्वांत पुढें आला. वेल्स येण्यापूर्वींच, १७९० च्या नोव्हेंबरांत, त्यानें पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें चित्र काढलेलें उपलब्ध आहे. तेव्हां शाळेनें त्याला घडविलें असें म्हणण्यापेक्षां शाळेनें त्याला वाव दिला असें म्हणणें अधिक बरोबर होईल. कार्ले व वेरूळ येथील लेण्यांची त्यानें काढलेलीं चित्रें पाहिलीं म्हणजे हा नुसता नकलनवीस नव्हता, दगडाचें वजन व सावली ओळखणारा माणूस होता, याविषयीं शंका राहत नाहीं.

परंतु ही संधि दोन माणसांच्या आयुष्यावर टांगलेली होती. ऑक्टोबर १७९५ मध्यें सवाई माधवरावांचा अंत झाला आणि पुढच्याच महिन्यांत वेल्स ठाण्याकडे वारला. शाळेला आधार उरला नाहीं. वेरुळाच्या लेण्यांच्या चोवीस दृश्यांचा ग्रंथ टॉमस डॅनियल यानें १८०३ सालीं विलायतेंत प्रसिद्ध केला. त्याच्या मुखपृष्ठावर वेल्सचें व डॅनियलचें नांव आहे, गंगारामाचें नाहीं. गंगारामाचीं चित्रें आणि वेल्सची रोजनिशी हल्लीं अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहांत आहेत. आश्रयाची पद्धति चित्रकाराला पोटाला घालीत असे, पण नांव देईलच असा नियम नव्हता, हें यावरून ध्यानांत यावें.

प्रदर्शन व पारितोषिक ही रीत आपल्याकडे युरोपांतून आली. पॅरिसच्या राजकीय अकादमीनें १६६३ पासून एक स्पर्धा चालविली. तींत जिंकणार्‍या तरुणास सरकारी खर्चानें रोम येथें कांहीं वर्षें ठेवून प्राचीन शिल्पांचा व चित्रांचा अभ्यास करूं देत. ही स्पर्धा १९६८ पर्यंत चालली. पॅरिसचें सार्वजनिक चित्रप्रदर्शन १७३७ पासून नियमितपणें भरूं लागलें व लंडनच्या रॉयल अकादमीचें १७६९ पासून. मद्रासेंत १८७३ सालच्या प्रदर्शनांत राजा रविवर्म्याला गव्हर्नरचें सुवर्णपदक मिळालें व त्याच वर्षीं व्हिएन्ना येथेंहि त्याच्या चित्राचा गौरव झाला. तेव्हांपासून पदक म्हणजे काय हें संस्थानिकांना व सुशिक्षितांना कळलें. मात्र रविवर्मा राजघराण्याशीं संबंध असलेला पुरुष. दरबाराचे दरवाजे त्याला पदकाविनाहि उघडलेच असते. ज्याला असे दरवाजे नव्हते त्याची गोष्ट वेगळी आहे, आणि ती मुंबईंत घडली.

सर जमशेटजी जिजीभाई यांनीं १८५३ सालीं देऊं केलेल्या एक लक्ष रुपयांतून १८५७ त कलाशाळेचे वर्ग सुरू झाले. येथें रोमचें पारितोषिक नव्हतें, पण रोमची जागा अजिंठ्यानें घेतली असें म्हणतां येईल. जॉन ग्रिफिथ्स यानें १८७२ पासून १८८५ पर्यंत हंगामा-हंगामानें आपल्या विद्यार्थ्यांस अजिंठ्यास नेऊन तेथील भित्तिचित्रांच्या नकला करविल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतलेच. लेण्यांच्या अंधारांत, वटवाघळांच्या घाणींत, पडक्या गिलाव्यासमोर बसून रेषा जुळवीत राहणें हें शिक्षण कोणत्याहि वर्गांत मिळण्यासारखें नव्हतें. या नकलांपैकीं पुष्कळ १८८५ च्या साउथ केन्सिंग्टन येथील आगींत जळल्या. त्यांच्या आधीं रॉबर्ट गिल यानें केलेल्या नकलाहि १८६६ त लंडनच्या स्फटिकप्रासादांत अशाच आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या होत्या. ग्रिफिथ्सचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ त निघाला म्हणून त्या श्रमाचा कांहीं अंश तरी आपल्या दृष्टीस पडतो. मूळ चित्रें दख्खनच्या डोंगरांत टिकलीं आणि नकला सुरक्षित म्हणून विलायतेंत नेल्या त्या जळाल्या, हा योग चमत्कारिकच.

१८८८ सालीं बाँबे आर्ट सोसायटी स्थापन झाली. आरंभीं तिचा कारभार व परीक्षण युरोपियनांच्या हातीं होतें आणि प्रदर्शनांत हौशी साहेबलोकांच्या डोंगरदर्‍यांच्या जलरंगचित्रांचा भरणा असे. तरीहि एक गोष्ट तिनें केली. कलाशाळेंतील कोणाहि विद्यार्थ्याचें चित्र एका भिंतीवर, त्याच्या स्वतःच्या नांवाखालीं, गव्हर्नरच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणीं टांगलें जाऊं शकेल असा मार्ग उघडला. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० त कलाशाळेंत आले. १८९२ त घरकामांत गुंतलेल्या महाराष्ट्रीय स्त्रियांच्या चित्राला त्यांना बक्षीस मिळालें व १८९५ त ‘लक्ष्मी, आलीस का?’ अशा अर्थाचें इंग्रजी नांव असलेल्या चित्राला सोसायटीचें सुवर्णपदक. विषय आपल्या माजघरांतला, नांव इंग्रजी, परीक्षक साहेब. या त्रिवेणींत त्या काळची सारी परिस्थिति आली. परीक्षकांना काय रुचेल हें विद्यार्थी लौकरच ओळखूं लागले, आणि लुगडें नेसलेली, समई किंवा पूजेचें तबक हातीं घेतलेली स्त्री पुढें कित्येक वर्षें प्रदर्शनांच्या भिंतींवर पुनःपुन्हां दिसत राहिली. पदकानें चित्रकार वर आले हें खरें. पदकानें चित्रांना एक ठराविक वळण लावलें हेंहि तितकेंच खरें. धुरंधरांचें ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ हें १९४० सालीं प्रसिद्ध झालेलें आत्मवृत्त या सर्व काळाचें पहिल्या प्रतीचें साधन आहे. आमच्या इतिहासलेखकांनीं तें जितकें वापरावयास पाहिजे तितकें वापरलेलें नाहीं.

गणपतराव म्हात्रे यांची ‘मंदिरपथगामिनी’ ही मूर्ति १८९६ ची. म्हात्रे त्या वेळीं विद्यार्थी. मूर्ति संगमरवराची नव्हे, प्लास्टरची. परंतु प्रदर्शनानें तिला जी प्रसिद्धि दिली ती एखाद्या जहागिरीनेंहि मिळाली नसती. जॉर्ज बर्डवूड यांनीं तिची स्तुति केली आणि रवींद्रनाथ ठाकूर यांनीं बंगालींत तिच्यावर लेख लिहिला. एका मराठी विद्यार्थ्याच्या हातच्या कामावर दूरच्या प्रांतांत अशी चर्चा व्हावी, ही गोष्ट त्यापूर्वीं घडल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. मात्र त्यापुढें युरोपांत राहून शिकण्याची सोय या तरुणाला मिळाली नाहीं. त्याचें पुढील आयुष्य मुख्यतः राजेरजवाड्यांचे व राणीसाहेबांचे पुतळे घडविण्यांत गेलें. पदक मिळाल्यावर पुढें काय, या प्रश्नाला सोसायटीकडे उत्तर नव्हतें.

कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांचे उदाहरण याहून बोलकें आहे. १८८८ त त्यांना व्हाइसरॉयचें सुवर्णपदक मिळाल्याचें त्यांचे चरित्रकार सांगतात. मुंबईच्या बाजारांत या पदकाचें भांडवल करतां आलें असतें. ते कोल्हापुरास परतले, शाहू छत्रपतींच्या आश्रयानें कोटितीर्थाकांठीं राहिले आणि पाणी, झाडें व उजेड यांचीं चित्रें काढीत १९३१ त वारले. त्यांच्या कामाचा मोठा भाग आज नाहींसा झाला आहे. प्रदर्शनांत न गेलेल्या चित्राची यादी कोण ठेवणार?

विसाव्या शतकाच्या दुसर्‍या व तिसर्‍या दशकांत स्पर्धेचें स्वरूप पालटलें. एक तर १९१८ सालीं सावळाराम हळदणकर व इतर मंडळींनीं आर्ट सोसायटी ऑफ इंडिया काढली व परीक्षकांच्या आसनावर आमचीं माणसें बसूं लागलीं. दुसरें म्हणजे सरकारी कामें नव्या चित्रकारांना मिळूं लागलीं. कलाशाळेचे मुख्याधिकारी ग्लॅडस्टन सॉलोमन यांनीं १९२४ च्या वेम्ब्ले येथील साम्राज्यप्रदर्शनासाठीं विद्यार्थ्यांकडून एक संपूर्ण हिंदी दालन सजवून घेतलें. पुढें नव्या दिल्लींतील सचिवालयाच्या भिंतींवरहि मुंबईच्या विद्यार्थ्यांनीं चित्रें काढलीं. लंडनच्या इंडिया हाउसच्या भिंतींसाठीं मात्र जे चौघे तरुण निवडले गेले ते बंगाली परंपरेंतले. त्यांना रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्यें विल्यम रोथेन्स्टाइन यांच्या हाताखालीं ठेवून मग काम दिलें. यावरून दोन प्रांतांच्या कैवार्‍यांत जी चुरस लागली तिचें वर्णन येथें करीत नाहीं. तींत कलेपेक्षां प्रांताभिमानाचा भाग अधिक होता.

हळदणकरांच्या एका चित्राची हकीकत मात्र सांगितलीच पाहिजे. हातांत दिवा घेतलेल्या स्त्रीचें त्यांचें जलरंगांतील चित्र १९४५-४६ च्या सुमाराचें. म्हैसूरच्या दसरा प्रदर्शनांत त्यास पहिलें बक्षीस मिळालें व तें तेथील जगन्मोहन राजवाड्यांत राहिलें. आज त्याच्या असंख्य छापील प्रतींखालीं रविवर्म्याचें नांव सर्रास दिलेलें आढळतें. रविवर्मा १९०६ सालीं वारला! चित्रास बक्षीस देणारी संस्था, वर्ष व चित्रकार हीं सर्व ज्ञात असतांना ही स्थिति. मग ज्याची नोंदच नाहीं त्याची काय कथा.

पुढील पिढीनें पदकांशीं भांडण मांडलें. अमृता शेरगिल यांनीं १९३५ त सिमल्याच्या संस्थेनें देऊं केलेलें बक्षीस नाकारलें, कारण त्याच संस्थेनें त्यांचीं इतर चित्रें परत केलीं होतीं. दोनच वर्षांनीं, १९३७ त, बाँबे आर्ट सोसायटीनें त्यांच्या ‘तीन मुली’ या चित्राला सुवर्णपदक दिलें. धुरंधरांच्या लक्ष्मीपासून या तीन मुलींपर्यंत बेचाळीस वर्षांचें अंतर आहे, संस्था तीच. जुन्या संस्था नव्याला नेहमीं आडव्याच येतात असा जो समज आहे तो या एका उदाहरणापुरता तरी खोटा ठरतो. उलट कृष्णाजी हौळाजी आरा यांचें स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीचें मोठें चित्र याच सोसायटीनें नाकारलें व त्यांतून १९४७ चा प्रोगेसिव्ह मंडळींचा गट निघाला, असें सांगतात. आरा हे पोटासाठीं घरकाम व मोटारी धुण्याचें काम करीत आलेले गृहस्थ. त्यांचें पहिलें स्वतंत्र प्रदर्शन १९४२ त मुंबईच्या ‘चेतना’ या उपाहारगृहांत भरलें होतें. सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे व आरा या सहा जणांच्या गटाचें पहिलें प्रदर्शन १९४९ सालीं भरलें, तें रॅम्पार्ट रोवरील बाँबे आर्ट सोसायटीच्याच दालनांत. १९५२ त जहांगीर कलादालन उघडलें आणि भाडें भरून कोणालाहि भिंत मिळण्याची सोय झाली. येथून प्रदर्शनाचा इतिहास निराळ्या वळणानें जातो.

संग्राहकांस एक विनंति आहे. जुन्या वाड्यांतून व बंगल्यांतून तसबिरी उतरवितांना बहुतेक जण पुढची बाजू पाहतात व सडलेली पाठ काढून फेंकतात. त्या पाठीवर प्रदर्शनाची चिठ्ठी असूं शकते; तीवर क्रमांक, सालें व क्वचित् किंमतहि असते. ती चिठ्ठी न सोलतां तिची नक्कल करून घ्यावी आणि त्या सालची यादीपुस्तिका मिळाल्यास दोन्ही ताडून पाहावीं. ज्यांच्या संग्रहीं १८८८ ते १९१८ या काळांतील अशा यादीपुस्तिका असतील, विशेषतः ज्यांवर कोणी पेनसिलीनें ‘विकलें’ किंवा ‘परत’ असें टिपून ठेविलें असेल, त्यांनीं त्या बांधणीस देण्यापूर्वीं टिपणांसह उतरून घ्याव्या. बांधणार्‍याची कात्री समासावर प्रथम चालते.